मिरजेचे दप्तर आणि तुकड्यांतली फाईल

मोठी फाईल आवळून लहान करायची, तिचे भाग पाडायचे आणि पलीकडे ते जोडून मूळ मजकूर पुन्हा उभा करायचा, हे काम आज संगणक करतो. असाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मिरजेच्या एका शिक्षकापुढे होता.

वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) साताऱ्यास संस्कृत शिकले आणि पुढे मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे वाचून त्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ भागाभागाने छापला. ही पत्रे मोडीत होती. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि नेहमीचे शब्द आखडून लिहीत. ‘राजश्री’चे ‘रा।’ होई, चांद्र तारखेसाठी नुसते ‘छ’ पुरे. शिवाय पुष्कळ पत्रांवर तिथी व महिना असे, साल नसे. मग क्रम लावायचा कसा? एकाच लढाईची बातमी अनेक पत्रांत येते. त्या पुनरुक्तीवरून साल ठरवता येते.

संगणकाची युक्ती नेमकी उलट आहे. तो पुनरुक्तीच काढून टाकतो. आब्राहम लेम्पेल व याकोब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, आधी आलेला मजकूर पुन्हा न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी उतरवून घे’ एवढीच खूण ठेवतात. याच विचारावर फिल कात्झ यांनी १९८९ मध्ये झिप पद्धत आणली. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइटच मावत, म्हणून मोठ्या फाईलचे भाग पाडणे भाग पडे.

असे भाग उघडताना ते सर्व एका फोल्डरमध्ये ठेवावेत आणि त्यांची नावे बदलू नयेत, कारण नावातल्या क्रमांकावरूनच क्रम लागतो. बहुधा पहिला भाग उघडला की संगणक पुढचे आपोआप घेतो. विभागलेल्या झिपची अनुक्रमणिका मात्र अखेरीस असते, म्हणून तेथे ‘झिप’ नावाचा शेवटचा भाग उघडावा लागतो. प्रत्येक फाईलसोबत एक पडताळा-अंकही असतो. उलगडलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही, तर बिघाड झाल्याचे कळते.

पण बिघाड कळणे वेगळे आणि दुरुस्त होणे वेगळे. दप्तरातले एक पत्र हरवले तरी शेजारची पत्रे वाचता येतात, कधी हरवलेल्याचा आशयही त्यांतून कळतो. आवळलेल्या फाईलचा एक भाग गेला, तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या पुढच्या खुणा निरर्थक होतात. जागा वाचवताना आपण सावरण्याचा आधारही काढून टाकलेला असतो.

म्हणून शाळेची जुनी हजेरीपत्रके वा छायाचित्रे अशी साठवली, तर भाग जोडून, उघडून पाहिल्याखेरीज मूळ प्रत पुसू नये. आणि कागद असो वा फाईल, तिच्यावर साल अवश्य घालावे.