अलेक्सिसच्या पोटाला पडलेलं भोक

६ जून १८२२. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांमधलं मॅकिनॅक नावाचं बेट. जनावरांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं दुकान माणसांनी भरलेलं होतं. त्या गर्दीत कुणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडाली. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिनच्या डाव्या कुशीत छर्रे घुसले. अलेक्सिस हा कॅनडातला फ्रेंच बोलणारा तरुण. होडीतून कातड्यांची ने-आण करणं हे त्याचं काम. लिहिता-वाचता येत नव्हतं.

जवळच्या लष्करी ठाण्यातले डॉक्टर विल्यम ब्योमाँट धावत आले. फुफ्फुसाचा तुकडा बाहेर आला होता, जठर फाटलं होतं आणि सकाळी खाल्लेलं अन्न जखमेतून बाहेर पडत होतं. हा काही वाचत नाही, असंच डॉक्टरांना वाटलं. पण अलेक्सिस वाचला. जखम भरली, जठराला पडलेलं भोक मात्र बुजलं नाही. त्याच्या कडा बरगड्यांखालच्या कातडीला चिकटल्या आणि बोट आत जाईल एवढी वाट कायमची उघडी राहिली. पुढे जठराच्या अस्तराचाच एक पडदा त्यावर आला. बोटाने तो आत ढकलला की थेट जठरात पाहता येई.

यात एवढं विशेष काय, हे कळायला त्या काळातला गोंधळ माहीत हवा. आपण खातो त्या अन्नाचं पोटात नेमकं काय होतं? आपल्याकडे 'जठराग्नी' हा शब्द जुना आहे. पोटात आग असते आणि ती अन्न शिजवते, अशी त्यामागची कल्पना. युरोपातही कुणी म्हणे अन्न उष्णतेने शिजतं, कुणी म्हणे जात्यासारखं भरडलं जातं, तर कुणी म्हणे आंबतं. १७५२ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी घारीला मांस भरलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. नळीमुळे मांस भरडलं जाणं शक्य नव्हतं, तरी ते विरघळलं. पुढे इटलीत स्पालान्झानी यांनी अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून पाहिल्या. पण जिवंत माणसाच्या जठरात चाललेलं काम रोज, डोळ्यांनी पाहायची सोय कुणाकडेच नव्हती.

ती सोय आता ब्योमाँट यांच्या घरातच होती. १८२३ साली स्थानिक प्रशासनाने गरीब अलेक्सिसचा खर्च उचलायचं नाकारलं आणि त्याला दूर मायदेशी धाडायचं ठरवलं. त्या अवस्थेत हा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनी त्याला घरी ठेवून घेतलं. तो घरातली कामं करू लागला.

१ ऑगस्ट १८२५ च्या दुपारी बारा वाजता डॉक्टरांनी मांसाचे काही प्रकार, शिळा पाव आणि कच्चा कोबी यांचे छोटे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले. मग अलेक्सिस नेहमीच्या कामाला लागला. तासाभराने दोरा ओढून पाहिला. कोबी आणि पाव जवळजवळ अर्धे विरघळले होते, मांस जसंच्या तसं होतं. त्यानंतर अलेक्सिसच्या पोटात दुखू लागलं.

दुसऱ्या एका प्रयोगात डॉक्टरांनी जठरातला रस काढून बाटलीत घेतला, त्यात मांस टाकलं आणि बाटली शरीराइतकी उबदार ठेवली. शरीराच्या बाहेरही मांस विरघळलं, फक्त वेळ जास्त लागला. म्हणजे पचन हे रासायनिक काम आहे आणि ते हा रस करतो. रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचंही तपासणीत दिसलं. राग आला की जठरातलं चित्र बदलतं, अशी निरीक्षणंही वहीत आली. १८३३ साली ब्योमाँट यांचं पुस्तक निघालं. त्यात २३८ प्रयोग होते. डॉक्टरांचं नाव जगभर झालं.

आता हीच गोष्ट अलेक्सिसच्या बाजूने बघा. १८२५ मध्येच तो न सांगता कॅनडाला निघून गेला. तिथे लग्न केलं, मुलं झाली. डॉक्टरांनी त्याला शोधून १८२९ मध्ये बायकामुलांसह परत आणवलं. दोन वर्षांनी तो पुन्हा घरी गेला. १८३२ मध्ये लेखी करार झाला. वर्षाला १५० डॉलर, शिवाय जेवण, कपडे आणि राहायची जागा. बदल्यात डॉक्टर नेतील तिथे जायचं आणि प्रयोग करू द्यायचे. सहीच्या जागी अलेक्सिसने फुली मारली. १८३४ मध्ये घरी गेला तो परतलाच नाही. डॉक्टर अनेक वर्षं पत्रं पाठवत राहिले, पैशांवरून घासाघीस होत राहिली, पण तो आला नाही. १८५३ मध्ये ब्योमाँट वारले.

डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, हे खरंच आहे. पण उपकाराखाली दबलेल्या, कफल्लक माणसाला 'नको' म्हणायची सोय कितपत असते? अलेक्सिसकडे एकच उपाय होता, निघून जाणं.

डॉक्टरांच्या मागे २७ वर्षं जगून १८८० च्या जूनमध्ये तो क्युबेकमध्ये वारला. त्याचं जठर संग्रहालयात ठेवायची इच्छा असलेले डॉक्टर होतेच. म्हणून घरच्यांनी उन्हाळ्यात देह चार दिवस तसाच ठेवला, तो कुजू दिला आणि मग आठ फूट खोल पुरला. शवविच्छेदनासाठी येऊ नका, जीव गमवाल, अशी तारही एका डॉक्टरला गेली.

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत माणसांवरच्या प्रयोगांसाठी नियम लिहिले गेले. प्रयोगात भाग घेणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी आणि प्रयोग मध्येच थांबवायची मोकळीक त्याला हवी, हे त्यात आहे. उद्या एखाद्या संशोधनासाठी तुमच्यापुढे संमतीचा अर्ज आला, तर कधीही बाहेर पडता येईल असं सांगणारं वाक्य त्यात शोधा. अलेक्सिसच्या करारात ते असतं, तर त्याच्या घरच्यांना एवढा खोल खड्डा खणावा लागला नसता.