सगुणा भात तंत्र
नांगरणी, चिखलणी व लावणी टाळून कायम गादीवाफ्यांवर भात टोकण्याची शून्य मशागत पद्धत (पहा : भात). नेरळ (ता. कर्जत, जि. रायगड) येथील सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. कर्जत-खालापूर भागातील रूढ शेतीत राब भाजताना वाफ्यातील तणांचे बी जळते (पहा : राब), पुढे चिखलणी व साचलेले पाणी तण दाबते. या तंत्रात दोन्ही नसल्याने तणनियंत्रण कळीचे ठरते. लोखंडी साच्याने २५ सेंमी. अंतरावर भोके पाडून बी टोकतात व उगवणीपूर्वी ऑक्सिफ्लुओरफेन फवारतात. उरलेले तण खुरपतात. कापणीनंतर धसकटांचा फुटवा ग्लायफोसेटने मारून मुळे जमिनीतच कुजू देतात (पहा : तणनाशके). त्यामुळे सेंद्रिय कर्ब टिकतो, चिखलणी-लावणीची मजुरी वाचते आणि त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा घेता येतो.