आधी लेबल, मग क्रम : नाबोकोव्हची कार्डं आणि आपल्या नोंदी

'लेखकांच्या विचित्र सवयी' असं गूगलवर टाकलंत, तर एक फोटो हमखास समोर येतो. गाडीत बसलेला साठीच्या घरातला एक गृहस्थ छोट्या कार्डावर पेन्सिलीनं काहीतरी लिहितोय. खाली साधारण अशी ओळ असते : व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी 'लोलिता' ही कादंबरी गाडीत बसून कार्डांवर लिहिली. पुढच्या ओळीत सल्ला तयार असतो, की तुम्हीही कार्डं वापरा.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी हा फोटो दोन कारणांनी उपयोगाचा आहे. एक म्हणजे पुराव्याकडे कसं बघायचं ते त्यातून शिकता येतं. दुसरं, त्यातली सवय खरोखर समजून घेतली तर नोंदी ठेवण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. ती गोष्ट 'कार्डं वापरा' ही नाही.

आधी पुराव्याचं बघू. हा फोटो 'लाइफ' मासिकाचे छायाचित्रकार कार्ल मायडन्स यांनी १९५८ मध्ये काढला. 'लोलिता' लिहून झाली १९५३ च्या अखेरीस, पॅरिसमध्ये छापली गेली १९५५ मध्ये आणि अमेरिकेत आली १९५८ मध्ये. म्हणजे फोटो खरा असला तरी त्यात 'लोलिता' लिहिली जात असणं शक्यच नाही. पुस्तक गाजायला लागल्यावर लेखकाची सवय मासिकाच्या वाचकांना दाखवली जातेय, एवढंच तो सांगतो. शिवाय नाबोकोव्ह मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी मागवून घ्यायचे आणि उत्तरंही लिहूनच द्यायचे. त्यामुळे स्वतःच्या सवयींबद्दल त्यांनी जे सांगितलंय, तेही घासूनपुसून तयार केलेलं लेखन आहे. ते वापरताना हे लक्षात ठेवावं लागतं.

मग कार्डांची गोष्ट थाप आहे का? अजिबात नाही. कार्डं प्रत्यक्ष शिल्लक आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्यांची कागदपत्रं जपलेली आहेत. अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या कादंबरीची १३८ कार्डं तर छापून प्रसिद्ध झाली आहेत. सवय खरी होती. प्रश्न असा, की ती कशासाठी होती?

'घराबाहेर सुचलेलं टिपून ठेवायची सवय' असं आपण म्हणतो, पण नाबोकोव्हना घर असं होतं कुठे? जन्म १८९९ चा, सेंट पीटर्सबर्गचा. क्रांतीनंतर १९१९ मध्ये कुटुंबानं रशिया सोडला. पुढे बर्लिन, मग फ्रान्स, आणि १९४० मध्ये नाझी फौजा पॅरिसकडे सरकत असताना बोटीनं अमेरिका. १९४८ पासून ते कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते, पण तिथंही स्वतःचं घर घेतलं नाही. रजेवर गेलेल्या प्राध्यापकांची घरं भाड्यानं घ्यायची आणि ते परतले की दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचं, असं चाललं. १९६१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७७ पर्यंत, ते स्वित्झर्लंडमध्ये मॉन्त्रो गावच्या एका हॉटेलात राहिले. अशा माणसासाठी खिशात मावणारं, मांडीवर ठेवून लिहिता येणारं कार्ड म्हणजे टेबलच होतं.

आता त्यांची दुसरी ओळख. तुमच्यापैकी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती कदाचित जास्त जवळची वाटेल. नाबोकोव्ह फुलपाखरांचे अभ्यासक होते. छंद म्हणून जाळी घेऊन हिंडणारे असतात ना, त्याच्या खूप पुढे. १९४० च्या दशकात काही वर्षं ते हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांचा संग्रह सांभाळत होते. 'ब्लूज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या निळ्या फुलपाखरांचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, पंखांवरच्या खवल्यांच्या ओळी मोजून ते वर्गीकरण करायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आणि त्यांच्या पत्नी व्हेरा अमेरिकेच्या पश्चिम भागात जायचे. नाबोकोव्हना गाडी चालवता येत नव्हती, गाडी व्हेरा चालवायच्या. दिवसा, ऊन असेल तेव्हा फुलपाखरं. संध्याकाळी किंवा आभाळ भरून आलं की कादंबरी. 'लोलिता'च्या शेवटी जोडलेल्या लेखात त्यांनी या गावांची नावंच दिली आहेत : कोलोरॅडोमधलं टेल्युराइड, वायोमिंगमधलं आफ्टन, ॲरिझोनातलं पोर्टल, ओरेगनमधलं ॲशलंड. एका लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या माणसाची, त्याच्याच तोंडून सांगितलेली ही कादंबरी. त्यातली मोटेलं, रस्ते, पाट्या या सगळ्या प्रवासातून आल्या आहेत. मोटेलच्या खोलीत आवाज आणि वारा फार, म्हणून उभ्या गाडीत बसून लिहायचं.

म्हणजे एकाच प्रवासात या माणसाच्या हातात दोन प्रकारचे कागद होते. एक फुलपाखराचं लेबल आणि दुसरं कादंबरीचं कार्ड. मला या लेखात सांगायचंय ते या दोन कागदांमधल्या फरकाबद्दल.

लेबलचं काम कसं चालतं बघा. फुलपाखरू पकडलं की ते कागदी पाकिटात ठेवतात. पाकिटावर लगेच लिहायचं : ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, शक्य असेल तर उंची. पुढे नमुना टाचणीला लागतो आणि त्याच टाचणीखाली हे लेबल जातं. नमुना कितीही सुंदर असो, लेबल नसेल तर तो शास्त्राच्या दृष्टीनं शोभेची वस्तू. आणि ते लेबल 'उद्या लिहू' म्हणून चालत नाही, कारण उद्यापर्यंत पाकिटं दहा झालेली असतात आणि कुठलं कुठल्या उतारावरचं हे आठवत नाही.

टेल्युराइडचंच उदाहरण घ्या. तिथं पूर्वी गोळा झालेल्या नरांच्या नमुन्यांवरून नाबोकोव्हनी १९४९ मध्ये 'सब्लिव्हेन्स' हे नाव दिलं होतं. मादी मात्र नोंदली गेलेली नव्हती. जुन्या लेबलांवर गावाचं नाव होतं, म्हणून १९५१ च्या उन्हाळ्यात ते थेट तिथं गेले, मादी शोधून काढली आणि १९५२ मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केलं. आधीच्या कुणीतरी लेबलवर चार अक्षरं लिहिली नसती, तर हा प्रवास झालाच नसता.

याहून मोठं उदाहरण १९४५ चं. दक्षिण अमेरिकेतल्या ब्लूजवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी मांडलं, की ही फुलपाखरं आशियातून बेरिंगच्या वाटेनं, पाच टप्प्यांत अमेरिकेत आली असावीत. त्या काळी याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०११ मध्ये रॉजर व्हिला, नेओमी पिअर्स आणि सहकाऱ्यांनी 'प्रोसिडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी'मध्ये डीएनएच्या आधारे दाखवलं, की हे पाच टप्प्यांचं चित्र बरोबर होतं. ६६ वर्षांनी! यात आपल्यासाठी मोलाची गोष्ट ही, की नाबोकोव्ह दक्षिण अमेरिकेत कधी गेलेच नव्हते. इतरांनी पकडलेले संग्रहालयातले नमुने आणि त्यांची लेबलं, एवढ्यावर त्यांनी ते चित्र उभं केलं. कुणीतरी डोंगरात, थंडीवाऱ्यात, कंटाळा न करता तारीख आणि जागा लिहिली होती.

आता दुसरा कागद, कादंबरीचं कार्ड. इथं नियम नेमका उलटा. नाबोकोव्ह कादंबरी पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत सरळ लिहीत नसत. शब्दकोडं सोडवताना जी जागा सुचेल ती आधी भरावी, तसं मधलं एखादं दृश्य, शेवटाचा एखादा परिच्छेद, मग सुरुवात. प्रत्येक तुकडा वेगळ्या कार्डावर. कार्डं पुढेमागे करायची आणि सगळं जमलं, की क्रमांक घालायचे. पेन्सिल, मागे खोडरबर, हवं तेवढं खोडायचं. नंतर ते वाचून दाखवायचे आणि व्हेरा टाइप करायच्या, तीन प्रतींत. इथं क्रम पुढे ढकलता येतो, हेच कार्डाचं वैशिष्ट्य.

थोडक्यात, नोंद लगेच आणि क्रम सावकाश. आपण बहुतेक जण बरोबर उलटं करतो. पेट पास झालो, गाइड मिळाले, की पहिल्या महिन्यात आपण प्रबंधाची प्रकरणं ठरवून टाकतो : प्रकरण एक प्रस्तावना, प्रकरण दोन पूर्वसंशोधनाचा आढावा. सिनॉप्सिसला ते लागतंही. पण बसमध्ये सुचलेली शंका, सेमिनारमध्ये कुणीतरी बोलता बोलता सांगितलेला संदर्भ, फील्डवर दिसलेली विसंगती हे सगळं मात्र 'रात्री लिहू' म्हणून सोडतो. क्रमाची घाई आणि नोंदीची चालढकल. मी ज्या संग्रहात काम करते, तिथं एक खण अशा नमुन्यांचा आहे, ज्यांच्यावर फक्त वर्ष आहे, जागा नाही. नमुने अगदी सुस्थितीत आहेत, पण त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही.

लगेच नोंद करण्याचा आग्रह नाबोकोव्ह किती टोकाला नेत, याचं एक उदाहरण फारसं सांगितलं जात नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये, मॉन्त्रोच्या त्या हॉटेलात, त्यांनी स्वतःवर एक प्रयोग सुरू केला. जे. डब्ल्यू. डन या ब्रिटिश अभियंत्याचं म्हणणं होतं, की स्वप्नात पुढे घडणाऱ्या गोष्टीही दिसतात. ते तपासायला नाबोकोव्ह रोज जाग आल्या आल्या स्वप्न कार्डावर उतरवू लागले आणि दिवसभरात त्याच्याशी जुळणारं काही घडतं का ते बघू लागले. हे जवळपास ८० दिवस चाललं. डनचं म्हणणं पटो न पटो, पण पद्धत बघा : आधी तारखेसह नोंद, पडताळा नंतर. दिवस उजाडून गेल्यावर स्वप्न लिहिलं, तर मन ते घडलेल्या गोष्टींप्रमाणे बदलून घेणार. आपण निरीक्षण लगेच का लिहायचं, याचं उत्तरही हेच आहे. विसरण्याइतकाच धोका आठवण सोयीस्कर होण्याचा असतो.

कार्डांची उणी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. क्रम पुढे ढकलायचा, तर तो कधीतरी लावणारा माणूस हवा. 'द ओरिजिनल ऑफ लॉरा' ही कादंबरी लिहिता लिहिताच नाबोकोव्ह वारले. अपुरी राहिली तर जाळून टाका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. व्हेरांच्या हातून ते झालं नाही. अखेर २००९ मध्ये मुलगा दिमित्रीनं ती १३८ कार्डं प्रसिद्ध केली, तीही सुटी करून वाचकाला हवी तशी लावता येतील अशा रूपात. नाबोकोव्ह म्हणायचे, की कादंबरीचं पूर्ण चित्र आधीच त्यांच्या मनात असतं. पण ते चित्र कार्डांवर नव्हतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

आणि व्हेरांबद्दल. गाडी चालवणं, टाइप करणं, पत्रव्यवहार बघणं हे सगळं त्यांनी केलं. 'लोलिता'चं हस्तलिखित जाळायला निघालेल्या नवऱ्यालाही त्यांनीच थांबवलं. 'विचित्र सवयी'च्या यादीत फक्त कार्डं येतात, गाडीच्या पुढच्या सीटवर कोण बसायचं हे येत नाही. अशा याद्या वाचून आपल्याला जमत नाही म्हणून खट्टू होण्याआधी एवढं जरूर विचारा, की या सवयीचा भार कोण उचलत होतं?

तर तुम्ही काय करायचं? कार्ड, वही की फोन, हा मुद्दा दुय्यम आहे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करत असाल तरी चालेल. फक्त प्रत्येक नोंदीला लेबल हवं : तारीख, जागा, आणि हे कुठून आलं. कुणी सांगितलं, कशात वाचलं (पान क्रमांकासह), की स्वतःला सुचलं. ही शेवटची गोष्ट विसरू नका. दोन वर्षांनी दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं समजून प्रबंधात जाण्याची सुरुवात बहुधा इथंच होते.

प्रयोगाची वही मात्र वेगळी ठेवा. ती बांधलेली, पान क्रमांक घातलेलीच हवी, कारण तिथं क्रम हाच पुरावा असतो. सुट्या कार्डांची मोकळीक विचारांसाठी, मोजमापांसाठी नाही.

आणि दर सहा महिन्यांनी, प्रगती अहवालाच्या आधी, सगळ्या सुट्या नोंदी एकदा जमिनीवर पसरा. कुठली कुणाशेजारी बसते ते बघा. तेव्हा सुचलेला क्रम एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद गाइडना नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवा. तुमच्या डोक्यातलं चित्र आणखी एका माणसाला माहीत असलेलं बरं.