लिनक्सची वितरणे आणि नवशिक्या : निवडीच्या भाराचा इतिहास

दुकानातून तयार आणलेल्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा बसविलेलीच असते. सुटे भाग विकत घेऊन घरी जुळविलेल्या संगणकाची डिस्क मात्र कोरी असते. तीवर लिनक्स बसवावे असे ठरविणाऱ्या विद्यार्थ्यास लगेच दुसरा प्रश्न पडतो : लिनक्स खरे, पण कोणते? उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशी नावे पुढे येतात, आणि नवशिक्यास यांतील सोपे कोणते, असे तो जाणत्यास विचारतो. हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. ‘सोपेपणा’ हे कोणत्याही वितरणाचे अंगभूत लक्षण नव्हे. पूर्वी नवशिक्यास स्वतः घ्यावे लागणारे निर्णय दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवल्याचा तो परिणाम होय. हे निर्णय कोणी घेतले व त्यांचा अधिकार केव्हा नाकारला गेला, हे पाहिल्यावाचून आजच्या निवडीचा उलगडा होत नाही.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या उद्योगाची वार्ता जाहीर केली, तेव्हा त्याच्यापाशी होते ते केवळ कर्नेल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असलेला गाभा. नित्याच्या वापराची साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून यावयाची होती. ही सामग्री गोळा करून, एकमेकींशी जुळवून, बसविता येईल अशा रूपात देणे यास इंग्रजीत डिस्ट्रिब्यूशन म्हणू लागले व त्याचे मराठीत ‘वितरण’ झाले. या शब्दाविषयी किंचित तक्रार करावीशी वाटते. वितरणात वाटप दिसते. पण येथे खरे कर्म आहे संकलनाचे व संपादनाचे. अनेक हस्तलिखितांतून पाठ निवडून संपादक एक वाचनीय प्रत सिद्ध करतो, तसे हे काम आहे. मात्र शब्द आता रूढ झाला आहे, आणि रूढीपुढे व्युत्पत्तीचे फारसे चालत नाही.

आरंभीचे संपादक फार थोडे होते. मँचेस्टर संगणन केंद्रातील ओवेन ल ब्लाँ यांचे एमसीसी इंटरिम लिनक्स फेब्रुवारी १९९२ मध्ये निघाले. त्याच वर्षी पीटर मॅकडोनाल्ड यांचे एसएलएस आले. ते अधिक परिपूर्ण होते, पण त्यात चुका पुष्कळ होत्या, आणि या चुकांनीच पुढचा इतिहास घडविला. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी त्या दुरुस्त करता करता जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले. इयान मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थ्याने त्याच असंतोषातून ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती २४ फ्लॉपींवर मावत असे. त्या एकामागून एक घालावयाच्या, डिस्कचे भाग स्वहस्ते पाडावयाचे, आणि चित्ररूप पडदा हवा असल्यास मॉनिटरच्या वारंवारतेचे आकडे एका फाइलीत लिहावयाचे. ते चुकल्यास त्या काळच्या काही मॉनिटरांस इजा होण्याचाही संभव असे. ज्यास यंत्र ठाऊक आहे त्यानेच ते चालवावे, ही अट कोठे लिहिलेली नव्हती. ती प्रक्रियेतच अनुस्यूत होती.

हा भार उचलण्याचे प्रयत्न १९९८ नंतर वेगाने झाले. गाएल द्युवाल यांनी त्या वर्षी रेड हॅटच्या पायावर केडीई हे चित्ररूप कार्यपटल चढवून मँड्रेक काढले. कॅल्डेराच्या १९९९ च्या ओपनलिनक्स २.२ ने तर फाइलींची नक्कल चालू असताना वापरणाऱ्यास टेट्रिस खेळावयास दिला. संशोधकाने गांभीर्याने नोंदवावी अशी ही गोष्ट नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु जो प्रोग्राम वाट पाहणाऱ्याच्या कंटाळ्याचा विचार करतो, त्याने आपल्या वाचकाची कल्पनाच बदलली आहे. याच वर्षी डेबियनच्या २.१ या आवृत्तीत एपीटी हे साधन आले व कोणता प्रोग्राम कोणत्या प्रोग्रामावर अवलंबून आहे याचा शोध घेण्याची यातायात पुष्कळशी सरली. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांचे २००० मधील क्नॉपिक्स यांहून अधिक मूलगामी ठरले. ते डिस्कला स्पर्श न करता सीडीवरूनच चालत असे. आपले यंत्र लिनक्स ओळखते की नाही हे बसविण्यापूर्वीच पाहण्याची सोय त्यामुळे सामान्य झाली.

२० ऑक्टोबर २००४ रोजी उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली. वर्ष व महिना यांवरून तिला ४.१० हा क्रमांक मिळाला. मार्क शटलवर्थ यांच्या आश्रयाने डेबियनच्या पायावर उभ्या राहिलेल्या या वितरणाचे वैशिष्ट्य नव्या शोधात नव्हते. ते होते वगळण्यात. पाच संपादकयंत्रे आणि चार ब्राउझर देऊन ‘हवे ते घ्या’ म्हणण्याऐवजी प्रत्येक कामास एक प्रोग्राम व सर्व मिळून एक सीडी, असा दंडक त्याने घातला. ही सीडी जगात कोठेही, टपालखर्चदेखील न घेता, घरपोच पाठविली जाई. २०११ पर्यंत चाललेल्या या योजनेचे मोल मंद व महाग इंटरनेटच्या काळातील भारतीय विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. २००६ च्या ६.०६ या आवृत्तीत क्नॉपिक्सचा धडाही आत्मसात झाला : ज्या सीडीवरून प्रणाली चालवून पाहावयाची, तिच्यावरूनच ती बसवावयाची.

मराठी वापरणाऱ्यापुढे याच सुमारास आणखी एक प्रश्न होता, व तो इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या इतिहासात क्वचितच येतो. पडद्यावर जोडाक्षरे नीट उमटली नाहीत तर सोप्यातले सोपे वितरणही मराठी माणसास कठीणच. रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ हे टंक मुक्त परवान्याने प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. नावातील श्लेष उघड आहे. या मालेत मराठीसाठी स्वतंत्र टंकही होता. ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ यांतील र, तसेच मराठी वळणाचे ल व श, हे केवळ हौसेचे प्रश्न नाहीत, हे भाषाभ्यासकांस सांगणे नलगे. २००७ मध्ये सी-डॅकचे ‘बॉस’ हे डेबियनवर आधारलेले वितरण भारतीय भाषांसाठी म्हणून आले. तथापि मराठीस खरा लाभ झाला तो एखाद्या स्वतंत्र देशी वितरणामुळे नव्हे. टंक व अक्षरजुळणीची साधने सर्वच वितरणांच्या समाईक साठ्यात गेली, हे त्याचे कारण, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसऱ्याने निर्णय घ्यावेत आणि आपण सुखी असावे, या व्यवस्थेची परीक्षा २०११ मध्ये झाली. एप्रिलमध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली व त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी हे स्वतःचे कार्यपटल पुढे केले. दोहोंनी जुनी मेनूची व खिडक्यांची मांडणी मोडली. नवशिक्याच्या सोयीसाठी केलेले बदल जुन्या वापरणाऱ्यांस जाचक वाटले. २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी सुरू केलेल्या लिनक्स मिंटने या वेळी उबुंटूचा पाया ठेवला, पण त्याचा निर्णय नाकारला. सिनॅमन हे मिंटचे कार्यपटल या नकारातून जन्मले. विंडोजची सवय असलेल्यास त्यात खालची पट्टी व डाव्या कोपऱ्यातील मेनू ओळखीचे वाटतात. युनिटी मात्र टिकले नाही; २०१७ मध्ये उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळले.

नव्या संगणकाच्या संदर्भात मिंटची शिफारस सरसकट करता येत नाही, ती येथेच अडते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतात. ज्या वर्षी कर्नेल गोठविले, त्यानंतर बाजारात आलेली वाय-फाय चिप वा ग्राफिक्स कार्ड त्यास ओळखीचे असेलच असे नाही. नवशिक्यासाठी नावाजलेली वितरणे स्थैर्यासाठी उबुंटूच्या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभी असतात. म्हणजे जुन्या यंत्रावर जे स्थैर्य, तेच कालच जुळविलेल्या यंत्रावर मुकेपण ठरू शकते. मिंटने २०२४ मधील २२व्या आवृत्तीपासून मधल्या आवृत्त्यांत नवे कर्नेल देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामुळे अंतर कमी झाले आहे. फेडोरा सुमारे सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देते व यंत्राच्या बाबतीत पुढे असते. पण परवान्यांविषयीच्या काटेकोरपणामुळे काही ध्वनिचित्र-स्वरूपे व एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरणाऱ्यास वेगळे मिळवावे लागतात. मिंट व उबुंटू यांत त्या ड्रायव्हरसाठी खिडकीतूनच चालणारे साधन आहे. एएमडीच्या कार्डांचे मुक्त ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहेत. डेबियनने तर मुक्ततेच्या तत्त्वापायी वर्षानुवर्षे अमुक्त फर्मवेअर आपल्या अधिकृत माध्यमाबाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने ते आत घेण्याचे ठरविले व २०२३ च्या १२व्या आवृत्तीत ते अमलात आले.

यास्तव दोन-तीन वर्षांपूर्वीच्या बनावटीचे भाग असतील तर मिंट, आणि भाग अगदी अलीकडचे असतील तर उबुंटूची ताजी आवृत्ती किंवा फेडोरा, असा क्रम आम्ही लावू. मात्र डिस्कला हात लावण्यापूर्वी यूएसबी पेनवरून प्रणाली तासभर चालवावी : वाय-फाय जोडले जाते काय, आवाज येतो काय, झोपविलेले यंत्र पुन्हा जागे होते काय, पडदा आपल्या पूर्ण मापात दिसतो काय हे पाहावे, आणि कीबोर्ड मराठीवर नेऊन ‘तऱ्हा’ हा शब्द एकदा उमटवून बघावा.