टारफुला आणि दुरा



मागच्या खरिपात आमच्या गटातल्या एका मावशींच्या ज्वारीत टारफुला आला. आम्ही सात-आठजणी खुरपी घेऊन गेलो. पांढरी फुलं डोलत होती. उपटली, बांधावर ढीग घातला आणि मोठं काम केलं म्हणून तिथंच सावलीत भाकरी खाल्ली. फुलातलं तण उपटून बांधावर टाकणं म्हणजे बी वाऱ्यावर सोडणं, हे नंतर कळलं. तेव्हा लाज वाटली. मग या तणाची कुंडली काढायला बसलो आणि थेट आफ्रिकेत पोचलो.

मुळात ज्वारी तिकडचीच. सुदानच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी ती पेरायला घेतली, आणि तिथून समुद्रामार्गे ती आपल्याकडे आली. सुदानात ज्वारीला ‘दुरा’ म्हणतात. तिथल्या बायका तिचं पीठ आंबवून तव्यावर पातळ ‘किस्रा’ काढतात, आपल्या घावनाच्या जवळची. जिथं ज्वारी तिथं टारफुला. तिकडच्या मोठ्या जातीला जांभळट-गुलाबी फुलं येतात. इंग्रजीत या तणाला चेटकिणीचं तण म्हणतात. पिकाचा जीव घेणाऱ्याला नाव द्यायचं तर बाईचंच सुचतं, हे सगळीकडे सारखंच दिसतं.

या तणाची चोरी मोठी हुशारीची. बी धुळीच्या कणाएवढं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि ते मातीत दहा-पंधरा वर्षंसुद्धा जिवंत पडून राहतं. नुसत्या पावसानं ते उगवत नाही. ज्वारीच्या मुळातून एक द्रव्य पाझरतं, त्याची चाहूल लागली तरच ते फुटतं, मुळाला चिकटतं आणि आतून पाणी-अन्न ओढायला लागतं. ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते ती यामुळे. तण जमिनीवर दिसेपर्यंत निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं. आफ्रिकेत खुरपणीचा मोठा भार बायकांवर आणि पोरांवर आहे, म्हणजे या चोराच्या मागे वर्षानुवर्षं वाकून कोण फिरलं, ते वेगळं सांगायला नको.

आता एका मुलाची गोष्ट. गेबिसा एजेटा यांचा जन्म १९५० साली इथिओपियातल्या एका खेड्यात, एका खोलीच्या गवती झोपडीत झाला. मुलानं शिकायचंच, हा आईचा हट्ट. तिनं शेजारच्या गावी त्याच्या राहण्याची सोय लावली. दर रविवारी पोरगा वीस किलोमीटर चालत शाळेला जायचा आणि शुक्रवारी तेवढंच चालत घरी यायचा. त्या आईचं नाव आम्हाला कुठं सापडलं नाही.

पुढे ते शेतीचं शिकले आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून ज्वारीवर डॉक्टरेट घेऊन १९७९ साली सुदानात काम करायला आले. ज्या संस्थेत आले ती इक्रिसॅट. तिचं मुख्य ठाणं हैदराबादजवळ पाटणचेरूला, आपल्या शेजारीच. १९८३ साली ‘हगीन दुरा-१’ हा संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. कमी पाण्यात तग धरणारा, आणि स्थानिक ज्वारीपेक्षा दीडशे टक्क्यांपर्यंत जास्त पिकणारा. त्याच सुमाराला सुदान आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला, म्हणजे हे काम किती निकडीचं होतं ते लक्षात येईल. पण संकरित बी दर हंगामाला विकत घ्यावं लागतं. हे दुखणं आपल्यालाही ठाऊक आहे.

आणि टारफुला होताच. गेबिसा पर्ड्यूला परतले आणि तिथल्या लॅरी बटलर या रसायनाच्या जाणकारासोबत त्याच्या मागे लागले. शेतात बघून हा चोर कळत नाही, कारण सगळी चोरी मातीखाली. मग त्यांनी काचेच्या बशीत अगर ओतलं. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, उपवासाच्या जेलीतलं. त्यात टारफुल्याचं बी पसरायचं, ज्वारीचं कोवळं रोप लावायचं आणि मुळापासून किती अंतरापर्यंत बी फुटलं ते मोजायचं. काही ज्वारींच्या मुळाजवळ बी जवळजवळ फुटेचना. त्यांची मुळं ते द्रव्य अगदी थोडं सोडत होती. चोराला हाकच ऐकू जात नव्हती! तोच गुण चांगल्या पिकणाऱ्या ज्वारीत उतरवला. १९९४ साली असं आठ टन बी आफ्रिकेतल्या बारा देशांत वाटलं गेलं. इथिओपियात पुढे त्यातले दोन वाण गोबिये आणि आबशीर या नावांनी आले. हे सरळ वाण, म्हणजे बी घरचं राखता येतं. आम्हाला संकरापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं. २००९ साली गेबिसांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण ज्वारी ते द्रव्य सोडते तरी कशाला? याचं उत्तर २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दिलं. मातीत एक उपकारी बुरशी असते, ती मुळांना स्फुरद आणून देते. ज्वारी हाक मारते ती तिला. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. आणि जमीन जितकी भुकेली, तितकी पीक मोठ्यानं हाक मारतं. म्हणून हलक्या, खत न मिळालेल्या रानात, म्हणजे गरिबाच्याच रानात, टारफुला जास्त. हे कळलं तेव्हा आमच्या बैठकीत थोडा वेळ कोणीच बोललं नाही. इथिओपियातही नुसतं बी देऊन भागलं नाही. २००२-०३ च्या सुमारास त्याच्या जोडीला खत आणि पाणी अडवणाऱ्या बंदिस्त सऱ्या दिल्या, तेव्हा पीक नीट उभं राहिलं.

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्बिटा इथं, आणखी एक गंमत झाली. मक्याच्या खोडकिडीला हाकलायला झियाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हा वेलीसारखा चारा लावला आणि कडेनं नेपियर गवत. कीड कमी झालीच, पण जिथं डेस्मोडियम तिथं टारफुलाही दिसेना. त्याच्या मुळांतलं द्रव्य टारफुल्याला फुटायला लावतं आणि पुढं वाढू देत नाही. वर गाईला चारा, म्हणजे दुधाची सोय.

आपल्याकडे डेस्मोडियम कोणी लावत नाही, पण चवळी, भुईमूग, कापूस आहेच. यांच्या मुळांजवळही टारफुल्याचं बी फसून फुटतं आणि चिकटायला ज्वारी नसल्यानं मरतं. मावशींनी त्या तुकड्यात यंदा ज्वारी न घेता भुईमूग टाकलाय. कडेच्या दोन ओळी मात्र ज्वारीच्या ठेवल्यात, हुरड्यासाठी. तिथं टारफुला डोकावला तर फूल यायच्या आत उपटायचा आणि घमेल्यात भरून जाळायचा, असं ठरलंय. येत्या मंगळवारी सकाळी आम्ही जाणार आहोत. खुरपी आणि घमेलं आपापलं आणा.