स्वतःच्या ईमेल सर्व्हरवर स्पॅम कसा गाळतात?

स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवायचा म्हटला की स्पॅम गाळण्याचे कामही आपल्याच अंगावर येते. यात दोन चुका होऊ शकतात: स्पॅम आत शिरणे आणि खरी ईमेल अडकणे. दुसरी चूक महागात पडते, कारण नोकरीच्या मुलाखतीचे पत्र कचऱ्यात गेल्याचे कळतही नाही. म्हणून गाळणी टप्प्याटप्प्याने लावतात.

१. दारावरची तपासणी
ईमेल स्वीकारण्याआधीच पोस्टफिक्ससारखे सॉफ्टवेअर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत आहे का, हे डीएनएसद्वारे विचारते. मात्र गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारल्यास स्पॅमहाउसची मोफत यादी फक्त त्रुटीचा संकेत देते. सर्व्हरने त्याचा अर्थ ‘यादीत आहे’ असा घेतला, तर खऱ्या ईमेलही नाकारल्या जातात. यासाठी सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवावा.

ग्रेलिस्टिंगमध्ये अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगितले जाते. नियमाने चालणारे सर्व्हर पुन्हा येतात, स्पॅम पाठवणारे अनेक प्रोग्राम येत नाहीत. तोटा एकच: ओटीपीसारखी ईमेल उशिरा पोहोचते.

२. ओळख पटवणे
पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, हे एसपीएफ सांगते. डीकेआयएम म्हणजे ईमेलवरची डिजिटल सही. या दोन्हींतले काहीच जुळले नाही तर काय करावे, हे डोमेनचा मालक डीमार्कमधून कळवतो. पण स्पॅम पाठवणाराही स्वतःच्या डोमेनसाठी हे सारे लावू शकतो. त्यामुळे ओळख पटली म्हणजे हेतू चांगला, असे नव्हे.

३. मजकुराला गुण
स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी प्रत्येक खुणेला गुण देऊन बेरीज करतात. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५ गुणांची आहे. त्यातील बेझ पद्धत तुमच्याच ईमेलवरून शिकते. मूळ सेटिंगमध्ये त्यासाठी किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या ईमेल लागतात.

अडवलेल्या ईमेलचे काय करावे?
उघड स्पॅम दारातच नाकारावा. त्यात चुकून खरी ईमेल अडकली, तरी पाठवणाऱ्याला त्याच्या सर्व्हरकडून निरोप मिळतो. आधी स्वीकारून नंतर परत पाठवू नये, कारण स्पॅमवरचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि निरोप भलत्यालाच जातो. संशयास्पद ईमेल जंक फोल्डरमध्ये ठेवावी आणि तो फोल्डर अधूनमधून चाळावा. न कळवता पुसून मात्र कोणतीच टाकू नये.