वेदना: पवनारची कसोटी आणि प्रयोगशाळेची

मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालीत मात्र वेदना सुखद असते, दुःखद असते आणि या दोन्हींपलीकडचीही असते. 'विद्' म्हणजे जाणणे. या धातूपासून आलेल्या शब्दाचा मूळ पैस मराठीने 'संवेदने'कडे सोपवला आणि 'वेदने'कडे केवळ कळ उरली. ध्यानाने कळ शमते की शमेल या विश्वासाने, या प्रश्नाचा इतिहास या अर्थसंकोचापाशीच सुरू होतो. त्यातले एक पान वर्धा जिल्ह्यातले आहे.

1955 साली अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांचा प्लासिबोच्या सामर्थ्याविषयीचा प्रसिद्ध लेख आला. औषधी द्रव्य नसलेली गोळीही रुग्णाच्या अपेक्षेमुळे गुण देते, हे त्याने वैद्यकाच्या ऐरणीवर आणले. त्याच वर्षी सत्यनारायण गोएंका हे अर्धशिशीने जेरीस आलेले, मॉर्फीनची सवय जडेल या भीतीने धास्तावलेले व्यापारी रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखीच्या उताऱ्यासाठी विपश्यना शिकवणार नाही, असे गुरूंनी त्यांना प्रथम बजावले. गुणाची अपेक्षा मागे ठेवूनच आत येण्याची ही अट होती.

1969 साली गोएंका भारतात आले. त्यांच्या आठवणींनुसार, पवनारच्या विनोबांनी त्यांना शाळकरी मुले आणि तुरुंगातील कैदी यांच्यावर ही साधना करून दाखवण्याचे आव्हान दिले. 1975 साली जयपूरच्या कारागृहात शिबिर झाले. विनोबांचा रोख शारीरिक कळेवर नव्हता, स्वभाव पालटण्यावर होता. तरी या मागणीतली पद्धती लक्षणीय आहे. श्रद्धावंताला आलेला गुण साधनेचा की श्रद्धेचा, हे सांगता येत नाही. म्हणून कसोटी श्रद्धावंतांच्या वर्तुळाबाहेर हवी.

हीच शंका फदेल झैदान आणि सहकाऱ्यांनी 2015 साली वेदनेपुरती तपासली. 75 निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेला 49 अंशांचा चटका देण्यात आला. सजगतेच्या ध्यानाने वेदनेची तीव्रता 27 टक्के आणि तिचा जाच 44 टक्के घटला. प्लासिबो मलमाने हेच आकडे 11 आणि 13 होते. ध्यानाच्या निव्वळ बतावणीने 9 आणि 24. मेंदूतील हालचालीही वेगळ्या आढळल्या. 2016 साली शरीरातील अफूसदृश रसायने रोखणारे नॅलोक्सोन देऊनही ध्यानाचा परिणाम टिकला.

बतावणीचे 24 टक्के मात्र विसरू नयेत: डोळे मिटून, संथ श्वास घेत बसण्यालाही स्वतःचे बळ आहे. शिवाय हे निरोगी माणसांचे काही मिनिटांचे चटके होते. त्यांच्या आधारे रुग्णाची वेदनाशामके काढून घेणे हा क्रूरपणा ठरेल.

तीव्रतेपेक्षा जाच अधिक घटतो, हा या आकड्यांतला खरा अर्थ. कळ राहते, तिच्याशी असलेले नाते बदलते. पालीतली 'वेदना' नेमके हेच सुचवत होती: आधी जाणणे, मग दुखणे.